पेजमेकर लिनक्सवर चालेल, पण कशासाठी?

पत्राचा सारांश : तालुक्याच्या गावी डीटीपी आणि छोट्या छपाईचं दुकान चालवणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका ही रोजची कामं. दुकानात चार कॉम्प्युटर आहेत, सगळे विंडोज 10 वर आणि सगळे 2016-17 च्या सुमाराचे. 2004 पासूनच्या फायली पेजमेकर 7 या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मजकूर श्रीलिपी या मराठी टाइपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. श्रीलिपीसाठी यूएसबीत डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावावा लागतो. कव्हर आणि बॅनर कोरलड्रॉमध्ये, हिशेब टॅलीत. विंडोजचा सपोर्ट संपल्याची सूचना स्क्रीनवर यायला लागल्यापासून त्यांची झोप उडाली आहे. कॉम्प्युटरचा दुकानदार म्हणतो, चारही मशीन बदला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला भाचा म्हणतो, "मावशी, लिनक्स टाकू, त्यावर वाइन टाकू, तुझं सगळं फुकटात चालेल." मिस्टर म्हणतात, चाललंय ते मोडू नका. ताई विचारतात : "कुणाचं ऐकू? आणि फुकट म्हणजे खरंच फुकट असतं का?"

ताई,

आधी घाई बाजूला ठेवू. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, म्हणजे मशीन बंद पडली असं नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबल्या, इतकंच. घरगुती मशीनना नोंदणी करून त्या 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात, धंद्यासाठी पैसे भरायची वेगळी योजना आहे. पण धोका चारही मशीनना सारखा नाही. ज्यावर बँक, मेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब चालतं आणि दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागतात, ते मशीन खरं धोक्यात आहे. कोपऱ्यात बसून नुसता पेजमेकर चालवणाऱ्या मशीनची नेटची वायर काढून टाका, वायफायही बंद करा. त्याला कुणाचा पेनड्राइव्ह थेट लावू नका. निम्मी काळजी तिथेच मिटते, आणि खर्च शून्य.

दुकानदार खोटं बोलत नाही. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, तुमची मशीन त्यात बसत नाहीत. मात्र "म्हणून चारही बदला" हा भाग त्याच्या गल्ल्याचा आहे, तुमच्या गरजेचा नाही.

आता भाच्याचं. तो सांगतोय ती गोष्ट खरी आहे आणि चांगली आहे, पण "सगळं" हा शब्द त्याने जरा लवकर वापरला. लिनक्स ही विंडोजच्या जागी मशीन चालवणारी मुक्त व्यवस्था, आणि वाइन हे तिच्यावर विंडोजचे प्रोग्राम चालवायचं साधन. वाइन म्हणजे नकली विंडोज नाही, विंडोजची चोरलेली प्रतही नाही. पेजमेकरमध्ये तुम्ही प्रिंट दाबता तेव्हा तो स्वतः प्रिंटरशी बोलत नाही. तो विंडोजला विचारतो की प्रिंटर कोणते आहेत, कागद कुठला आहे, हे पान पाठव. लिनक्सवर हा प्रश्न ऐकायला विंडोज नसतं, तिथे वाइन उभं असतं. ते विंडोजच्याच रीतीने उत्तर देतं आणि काम लिनक्सकडून करून घेतं. फाइल उघडणं, खिडकी काढणं, फॉन्ट मागणं, अशा हजारो विचारण्यांची उत्तरं लोकांनी मायक्रोसॉफ्टचा कोड न वापरता नव्याने लिहिली आहेत. हे काम 1993 मध्ये सुरू झालं आणि पहिली पक्की आवृत्ती 1.0 आली 2008 मध्ये, पंधरा वर्षांनी. अलेक्झांडर ज्युलियार 1994 पासून त्याची धुरा सांभाळतात. इतक्या वर्षांनंतरही प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार नाही, आणि तुमच्या कामाचा प्रश्न नेमका कुठल्या रांगेत आहे हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

इथेच एक गंमत आहे. आपल्याला वाटतं, नवं सॉफ्टवेअर सहज चालेल आणि जुनं अडेल. वाइनच्या बाबतीत बहुतेक वेळा उलट होतं. पेजमेकर 7 हा 2001 चा. अडोबीने 2004 मध्ये त्याचा विकास थांबवला. त्याला सीडीवरचा सीरियल नंबर दिला की तो गप्प बसतो, दर महिन्याला कंपनीच्या सर्व्हरला हजेरी देत नाही. त्याचे प्रश्न ठरलेले आहेत आणि ते पुन्हा कधी बदलणार नाहीत. त्यामुळे असे प्रोग्राम वाइनला मानवतात. सोळा-बिटी जमान्यातले काही प्रोग्राम तर आजच्या चौसष्ट-बिटी विंडोजवर मुळीच चालत नाहीत, वाइनमध्ये मात्र चालतात. वर्गणी भरून घ्यायचं आजचं सॉफ्टवेअर, सतत ऑनलाइन परवाना तपासणारं, महिन्या-दोन महिन्यांनी बदलणारं, तिथे वाइनची दमछाक होते. आज चाललं तर पुढच्या अपडेटला चालेलच असं नाही. तुमचा कोरलड्रॉ कुठल्या आवृत्तीचा आहे ते पत्रात नाही, पण नियम हाच धरून चाला.

आता खरी अडचण. भाच्याने वाइन टाकून पेजमेकर उघडून दाखवला की तुम्हाला आनंद होईल. त्याच क्षणी त्याला सांगा, "आता टाइप करून दाखव." श्रीलिपी किंवा तसलंच आयएसएम ही नुसती फॉन्टची पेटी नाही. तुम्ही दाबलेली कळ मध्येच पकडून तिचं मराठी अक्षर करणारा एक छोटा प्रोग्राम मागे चालू असतो. वाइनमध्ये तो चालला तरी वाइनच्या आतल्याच प्रोग्रामांपुरता चालतो. बाहेर लिनक्सवरच्या लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे वर्ड-एक्सेलच्या जागी चालणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्या कळा पोचत नाहीत. आणि तुमच्या बाबतीत तो चालण्याआधीच अडेल, कारण डोंगल. डोंगलचा ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात जाऊन बसतो आणि तो गाभा वाइनकडे नसतो. यूएसबीत डोंगल दिसेल, लिनक्सला तो कळेलही, पण श्रीलिपी मात्र "डोंगल सापडत नाही" म्हणून बसून राहील. यावर भाच्याने रात्री जागवू नयेत.

डोंगल नाही तरी फॉन्ट मात्र चालतात. फॉन्टच्या टीटीएफ फायली वाइनच्या विंडोजमधल्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये ठेवल्या की जुनी फाइल उघडून वाचता येते, छापता येते. म्हणजे जुनं काम उघडायला आणि पुन्हा छापायला वाइन उपयोगी, नवा मजकूर श्रीलिपीत टाइप करायला निरुपयोगी. तुमच्या पत्रात ही दोन कामं एकच धरली आहेत. ती वेगळी केलीत की निर्णय बराच सोपा होतो.

जुन्या फायलीत नुसती तारीख आणि नावं बदलायची असतील तर? सोसायटीचा अहवाल दरवर्षी असाच होतो, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी दोन वाटा आहेत. एक, नेट काढलेलं ते कोपऱ्यातलं विंडोज मशीन, डोंगल त्यालाच कायमचा लावलेला. दुसरी, व्हर्च्युअल मशीन : लिनक्सच्या आत व्हर्च्युअलबॉक्स किंवा केव्हीएम वापरून खरंखुरं विंडोज चालवायचं. तिथे डोंगल सरळ आतल्या विंडोजच्या हवाली करता येतो, त्यामुळे सहसा चालतो. आतल्या विंडोजला नेट द्यायचंच नाही, म्हणजे ते जुनं असलं तरी बिघडत नाही. मात्र या आतल्या विंडोजलाही परवाना लागतो, आणि मशीनबरोबर आलेला परवाना बहुधा त्याच मशीनला बांधलेला असतो. शिवाय रॅम आठ जीबीच्या खाली असेल तर हे रडतखडत चालेल. तुमच्या जागी मी पहिली वाट धरली असती. तिला काहीही शिकावं लागत नाही.

इथे मला फुकटाबद्दल बोलायचंय, जरा स्पष्टच. पत्रात तुम्ही लिहिलंय की काही सॉफ्टवेअर "मशीन असेंबल करणाऱ्याने टाकून दिलं होतं". वाइन फुकट आहे आणि मुक्त आहे, लिनक्सही तसंच. पण वाइनमध्ये चालवलेला कोरलड्रॉ त्यामुळे फुकट होत नाही. खाली लिनक्स असलं तरी बिनपरवान्याची प्रत बिनपरवान्याचीच राहते. मी तुम्हाला दटावत नाहीये, निम्म्या महाराष्ट्रातली डीटीपी सेंटरं अशीच उभी राहिली. पण आता व्यवस्था बदलताच आहात, तर चार मशीनवर काय काय आहे याची यादी करा आणि कशाचं बिल आहे, कशाचं नाही, ते समोर लिहा. ज्याचं बिल नाही ते वाइनमध्ये चालेल का, हा प्रश्नच विचारू नका. त्याच्या जागी काय येईल, हा विचारा.

दुसरा खर्च वेळेचा. लग्नसराईत रात्री नऊ वाजता पत्रिका अडकली आणि प्रिंटर दिसेनासा झाला तर कोण येणार? भाचा आज घरात आहे, पुढच्या वर्षी पुण्यात किंवा बंगळूरला नोकरीला असेल. तुमच्या गावात विंडोज दुरुस्त करणारे चार जण सापडतील, वाइन जाणणारा बहुधा एकही नाही. त्यामुळे भाच्याला कामाला लावताना अट घाला : जे जे केलं ते मराठीत वहीत लिहून ठेवायचं, कुठल्या कमांडने काय झालं यासकट. तो कुरकुर करेल. करू दे.

प्रिंटरचंही आधीच बघा. वाइन स्वतः प्रिंटर ओळखत नाही, लिनक्सने ओळखलेला प्रिंटर पुढे करतं. आपल्याकडे डीटीपीच्या टेबलावर हमखास दिसणारा कॅननचा एलबीपी 2900 लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर मागतो आणि तो जुळवणं कटकटीचं असतं. एचपीच्या बहुतेक लेझर प्रिंटरना तेवढा त्रास पडत नाही. लिनक्स पेनड्राइव्हवरून, काहीही न बसवता चालू करून बघता येतं. ते करून पहिला प्रयोग प्रिंटरचाच करा. प्रिंटर नाहीच चालला तर पुढचं सगळं मशीनभर कौतुक व्यर्थ आहे.

टॅलीवर प्रयोग नको. टॅली वाइनमध्ये चालवणारे लोक आहेत, तरी हिशेब आणि जीएसटी या जागा "बहुतेक चालतं" म्हणायच्या नाहीत. डिजिटल सही वापरत असाल तर तिचं टोकनही डोंगलच्याच जातीचं. त्यासाठी एक नवं विंडोज 11 मशीन घ्या, एकच. बँक, टॅली, सही, परवान्याचा कोरलड्रॉ त्यावर. जुन्या मशीनवरचं टॅलीचं डेटा फोल्डर दोन ठिकाणी कॉपी करून, नव्या मशीनवर कंपनी उघडून शिल्लक जुळल्यावरच जुन्यावरची टॅली बंद करा.

म्हणजे हिशेब असा झाला : एका जुन्याच्या जागी एक नवं मशीन, एक जुनं नेट काढून पेजमेकर आणि डोंगलसाठी, उरलेली दोन भाच्याच्या हवाली. त्या दोन्ही मशीनवर लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार टाकू दे. तिथे ब्राउझर, मेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब, गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह, आणि हळूहळू नवं काम.

नवं काम म्हणजे युनिकोडमधलं काम, ज्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो. हा मुद्दा वाइनपेक्षाही महत्त्वाचा आहे. तुमच्या 2004 च्या फाइलीत "श्री" हे अक्षर नाहीच, ताई. तिथे इंग्रजी अक्षरांच्या खुणा आहेत आणि श्रीलिपीचा फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट काढला की सगळी भेंडोळी. सॉफ्टवेअर कुठलंही आणा, विंडोज नवं घ्या, हा गुंता तसाच राहणार. स्क्रायबस नावाचं मुक्त सॉफ्टवेअर पेजमेकरच्या जागी बसू शकतं. देवनागरीची जोडाक्षरं त्याला 1.5 च्या मालिकेपासून नीट जमू लागली आणि जानेवारी 2024 मध्ये आलेल्या 1.6 या स्थिर आवृत्तीत ती सोय आहे. ऑफसेटला लागणारं चार रंगांचं पीडीएफ ते व्यवस्थित देतं. आखीव चित्रांसाठी इंकस्केप आहे, पण चार रंगांच्या बाबतीत ते कोरलड्रॉच्या तोडीचं नाही, बॅनरवाल्याला ते आधीच सांगा. फॉन्टसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू', आयआयटी मुंबईचा 'शोभिका' हे सगळे खुल्या परवान्याचे आहेत. बिल मागायला कुणी येणार नाही.

टाइपिंगला इनस्क्रिप्ट हा युनिकोडचा कळफलक शिकावा लागेल, आणि तुमचा हात श्रीलिपीच्या कळांवर बसलेला. सुरुवातीला वैताग येणार. दुकानातल्या तरुण मुलीला आधी शिकवा, तुम्ही मागून या. पहिली परीक्षा "आमच्या येथे श्रीकृपेकरून" आणि "चि. सौ. कां." टाइप करून घ्या, मग "दुसऱ्या", "वऱ्हाड" आणि "कर्त्या". अर्धा र आणि रफार दोन्ही बरोबर पडले आणि ल, श मराठी वळणाचे दिसले, की फॉन्ट पास.

जुन्या फायलींसाठी वाइन हा एकच मार्ग आहे असंही नाही. लिब्रेऑफिस ड्रॉ 2015 च्या 4.4 आवृत्तीपासून पेजमेकरच्या फायली थेट उघडतं, कोरलड्रॉच्या फायली त्याही आधीपासून. मांडणी तंतोतंत येत नाही, पण मजकूर आणि चित्रं हाती लागतात. मजकूर बाहेर काढून कन्व्हर्टरने युनिकोड करता येतो, फक्त नंतरचं प्रूफ डोळ्यांत तेल घालून वाचा, जोडाक्षरांत हमखास गफलत होते. वीस वर्षांच्या सगळ्या फायली बदलायला मात्र बसू नका. ज्या दरवर्षी परत येतात, त्या आल्या की बदला. बाकीच्यांची पीडीएफ करून ठेवा. कुणाच्या 2007 च्या पत्रिकेला कोण हात लावणार आहे?

भाच्यासाठी थोडं. वाइन कधीही रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून चालवायचं नाही. प्रत्येक प्रोग्रामला वेगळं घर करून द्यायचं, बॉटल्स नावाचं साधन ते सोपं करतं, म्हणजे एकाच्या खटपटीत दुसरा मोडत नाही. आणि वाइनमध्ये विंडोजचे व्हायरसही चालू शकतात. ते झेड नावाचा ड्राइव्ह देऊन लिनक्सच्या सगळ्या फायली आतल्या प्रोग्रामला दाखवतं. पाहुण्याला ओसरीवर बसवून आतल्या खोल्यांच्या किल्ल्या हातात द्याव्यात तसला हा प्रकार. सेटिंगमध्ये जाऊन झेड काढून टाका, कामाचं एकच फोल्डर दाखवा. वाइनच्या स्वतःच्या यादीत प्रोग्रामांना प्लॅटिनमपासून गार्बेजपर्यंत शेरे दिलेले असतात. शेरा बघताना तो कुठल्या साली, वाइनच्या कुठल्या आवृत्तीवर दिलाय ते आधी बघायचं. दहा वर्षांपूर्वीचं प्लॅटिनम आज काही सांगत नाही. भाचा रिअ‍ॅक्टओएसचं नाव काढेल, विंडोजसारखीच अख्खी मुक्त व्यवस्था लिहायचा तो प्रयत्न आहे. कौतुकाची गोष्ट आहे, पण 1990 च्या दशकापासून चालू असूनही अजून अल्फा, म्हणजे कच्च्या, अवस्थेत आहे. दुकानात नको.

असाच प्रश्न घेऊन इतरही लोक लिहितात, त्यांच्यापुरतं सांगते. आर्किटेक्ट मंडळींनी नवा ऑटोकॅड वाइनमध्ये चालवण्याच्या नादी लागू नये, तिथे विंडोजच बरं. घरी नुसतं वर्ड-एक्सेल लागत असेल तर वाइनची गरजच नाही, लिब्रेऑफिस पुरतं. मुलांच्या गेम्सचं मात्र चित्र पालटलंय. वाल्व कंपनीने 2018 मध्ये वाइनवर आधारलेलं प्रोटॉन आणलं आणि विंडोजच्या असंख्य गेम्स लिनक्सवर चालू लागल्या. अडतात त्या मुख्यतः फसवाफसवी रोखायला गाभ्यात शिरणारं सॉफ्टवेअर असलेल्या ऑनलाइन गेम्स. म्हणजे पुन्हा तुमच्या डोंगलचंच दुखणं. ज्यांना वाइन हवंय पण भाचा नाही, त्यांनी कोडवीव्हर्स कंपनीचं क्रॉसओव्हर, म्हणजे वाइनचंच विकत मिळणारं रूप, घ्यावं. वाइनवर काम करणारे बरेच लोक याच कंपनीत आहेत, त्यामुळे दिलेले पैसे मुळाशी जातात आणि मदत मागायला कुणीतरी असतं.

ताई, सुरुवात करताना जुनी हार्ड डिस्क पुसू देऊ नका. ती काढून, तारीख लिहून कपाटात ठेवा आणि लिनक्स नव्या एसएसडीवर टाकायला लावा. मनासारखं नाही झालं तर स्क्रू फिरवून जुनं मशीन परत जसंच्या तसं. मग वाइनमधल्या पेजमेकरमध्ये मागच्या वर्षीचा एखादा अहवाल उघडा, छापा, आणि तो कागद जुन्या ट्रेसिंगखाली ठेवून उजेडाला धरा. ओळी त्याच शब्दावर तुटतायत का, तक्त्याच्या रेघा सरकल्यात का, पानाचा आकडा जागेवर आहे का, हे तुमच्या नजरेला भाच्यापेक्षा आधी दिसेल. एक-दोन पानं बघून समाधान मानू नका, तक्ते असलेलं शेवटचं ताळेबंदाचं पान नक्की बघा.

हे सगळं पितृपक्षात करा. पत्रिकांचं काम तेव्हा नसतं, गणपतीची पावती पुस्तकं होऊन गेलेली असतात, आणि भाच्याला परीक्षेच्या आधी थोडी सवड असते.